रेघेवरचा डोळा

आमच्या भागात शंकरपटाला घड्याळवाला लागतो, आणि बरीच वर्षं तो मी होतो. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, दोन बैल, ते हाकणारा एक धुरकरी आणि सरळ धावपट्टी. एकेक जोडी सोडतात आणि घड्याळावर निकाल लागतो. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून, घरी ना शेत ना बैल, त्यामुळे माझा कुणाशी लागाबांधा नाही, असा गावोगावच्या पंचांचा समज. तो खराही होता. पण मला बोलवायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. मी मान वर करत नसे.

घड्याळवाल्याचा तो नेमच. नारळ फुटला की माणसांकडे बघायचं नाही. कुणाची जोडी आहे हे विचारायचं नाही, चहा आला तरी कुणी आणला ते बघायचं नाही. पलीकडे झेंडी पडली की कळ दाबायची, मग डोळे चुन्याच्या रेघेवर लावायचे आणि बैलांचे पुढचे खूर रेघेवर आले की पुन्हा कळ दाबायची. नजर जरा हलली की निकाल चुकला, आणि निकाल चुकला की डोकी फुटली. माझ्या घड्याळावरून कधी भांडण झालं नाही, याचा मला अजून गर्व आहे. कुणाला तो ताठा वाटतो, वाटू दे.

मुलगा लहानपणी माझ्याबरोबर पटाला यायचा आणि रेघेच्या पलीकडे बसायचा. परत येताना सायकलवर मागून एकच विचारायचा, "बाबा, किती आलं?" मी पहिल्या आलेल्या जोडीची वेळ सांगायचो आणि तो ती घरी जाऊन आईला सांगायचा.

तो शिकला, अमेरिकेत गेला, तिथंच राहिला. आईच्या तेरवीला आला, त्यानंतर आला नाही. कधी रजा नाही, कधी व्हिसाचं काही तरी. दर रविवारी सकाळी फोन येई. फोटोही पाठवी, ते मी यवतमाळला जाऊन छापून आणी. पण फोटोतला माणूस हलत नाही. मला त्याला हलताना बघायचं होतं. मान कशी वळवतो, अजून डाव्या खांद्यावर कलून उभा राहतो का, एवढंच. हे फोनवर कसं बोलणार? मी आपला विचारायचो, जेवलास का.

ते कापसाचे वाईट दिवस होते. खरेदी केंद्रापुढे गाड्यांच्या रांगा हलत नव्हत्या आणि आमच्या नेरमध्ये चहाच्या टपरीवर भावाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. पटही बंद पडत चालले होते. पटाच्या बैलांना सरकी-ढेप लागते, दूध लागतं. घरच्या माणसांची आबाळ असताना ते लाड कोण करणार? माझं घड्याळ कपाटात पडलं आणि मीही तसाच घरात पडलो. नोकरी संपलेली, बायको गेलेली, पट बंद. दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे, आणि निघाला तर तो केबलवाल्याला शिवी देण्यासाठी.

एका रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या आठवड्यात मोटारींची शर्यत पाहाले चाललो. कंपनीनं तिकिटं देल्ली. शेवटच्या रेघेच्या अगदी समोर जागा हाये. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी दाखवतीन. मी हात हलवत राहीन."

"हजारो लोकांत तू कसा दिसशीन रे?"

"तुमचा पटाचा दुपट्टा बांधतो डोक्शाले."

पटात घड्याळवाल्याला मानाचा नारळ-दुपट्टा देतात. त्यातला एक, पांढरा, हिरव्या काठाचा, त्यानं जाताना नेला होता. मला वाटलं होतं, पुसायला नेला असेल.

तो आठवडा मी लहान पोरासारखा काढला. दाढी केली. माझ्या घरी दुपारी वीज नसायची म्हणून शेजारच्या कास्तकाराकडे गेलो. त्याच्याकडे इन्व्हर्टर होता. त्याचा कापूस केंद्रापुढे रांगेत उभा होता. गाडीपाशी भाऊ बसलेला, म्हणून हा त्या दिवशी घरी होता. त्याच्या बायकोनं मला टीव्हीसमोरची खुर्ची दिली. घड्याळ मी खिशात घालून नेलं होतं. का, ते विचारू नका. शर्यत आहे म्हटल्यावर हात आपोआप कपाटाकडे गेला.

शर्यत सुरू झाली. पटात सरळ जायचं असतं, इथं लांबोळा रस्ता, वळणावर भिंतीसारखा चढलेला, आणि चाळीसेक मोटारी एकीच्या ढुंगणाला एक चिकटून पळतात. एक फेरा म्हणजे आमच्या घरून एसटी स्टँडावर जाऊन परत येण्याहून जास्त. पण चहाचा कप अर्धा होईस्तोवर गाड्या पुन्हा हजर.

"काकाजी, हे तं नुसते गोल फिरून राह्यले. कुठं जाऊन राह्यले काय?" कास्तकार म्हणाला. थोड्या वेळानं त्यानंच पुन्हा म्हटलं, "आपल्या कापसाच्या गाड्या अशा हालल्या असत्या तं!" त्याची बायको हसली. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो असेन.

गर्दी दाखवली की आम्ही तिघं पुढे वाकायचो. लाल टोप्या, उघडी अंगं, झेंडे. दुपट्टा कुठे नाही. मग दोन मोटारी भिंतीवर आपटल्या, धूर झाला, पिवळी झेंडी आली आणि सगळ्या गाड्या हळू चालू लागल्या. मला राग आला. आमच्या पटात धुरकरी पडला की जोडी बाद, पुढची सोडा. इथं सगळ्यांनी एकमेकांची वाट बघायची.

शेवटचा फेरा लागला तेव्हा घड्याळ माझ्या हातात होतं. कळ कधी दाबली, कळलं नाही. तीन मोटारी बरोबरीनं येत होत्या, रेघेवर, आणि रेघेच्या लगेच मागे जाळी, जाळीमागे माणसं उठून उभी राहिलेली. त्याच क्षणी कास्तकाराची बायको किंचाळली, "दिसले! काकाजी, ते पाहा दिसले!"

मी रेघेकडे बघत होतो. पहिल्या गाडीचं नाक रेघेवर आलं आणि मी कळ दाबली. मान वर केली तोवर पडद्यावर जाहिरात होती.

जाहिरातीनंतर पुन्हा दाखवलं, पण ते वरून. नुसती गाड्यांची टपं.

"खरंच होता?" मी विचारलं.

"होते नं. दुपट्टा होता, हिरव्या काठाचा. बारीक झाले हो." ती फार मायेनं बोलली आणि मला तिचा राग आला, हेवा वाटला. माझा मुलगा तिनं पाहिला होता आणि मी नाही.

"हात हलवला त्यानं?"

"नाही बा. खाली वाकून पाहून राह्यले होते."

घरी आलो, अंधार पडला तरी मी दिवा लावला नाही. वीज आली होती, तरी. त्या घरात इतकं एकटं मला बायको गेली त्या पंधरवड्यातही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान तो आलेला होता.

रविवारी फोन आला. "बाबा, दिसलो का मी तुम्हाले?"

दिसलास म्हणणं सोपं होतं. बारीक झालास हेही सांगता आलं असतं. पण चुकीची वेळ मी कधी सांगितली नाही. "शेजारच्यांना दिसला," मी म्हटलं. "मी रेघ पाहून राह्यलो होतो."

पलीकडे तो हसला. "मले वाटलंच होतं."

"पण तू हात काहून नाही हालवला?" माझा आवाज चढला. "कबूल केलं होतं नं?"

"सारा वेळ हालवला, बाबा. खांदा दुखून आला. पण शेवटी तीन गाड्या बरोबर आल्या, अन् मग... मग मी बी रेघच पाहून राह्यलो होतो."

दोघं एकाच रेघेच्या दोन बाजूंना, आणि मान कुणीच वर केली नाही.

"बाबा," तो म्हणाला, "किती आलं?"

मी उठलो, कपाट उघडलं, घड्याळ काढलं आणि त्याला वेळ सांगितली. त्यानं ती पुन्हा एकदा म्हणून दाखवली, सावकाश, पूर्वी घरी आल्यावर आईला सांगायचा तशी.