कुत्र्याला कळणारी भाषा

सेराफीन मावशीचा नवरा गेला, मागोमाग बहीण गेली, आणि आमच्या वस्तीत तिच्याशी शुस्वाप, म्हणजे आमची कॅनडातल्या मूळ रहिवाशांची भाषा, बोलायला माणूस उरलं नाही. मुलगी व्हर्ना व्हँकूवरला. तिला मावशीनं भाषा शिकवलीच नव्हती. "शाळेत ती बोलले की माझ्या तोंडात साबण कोंबायचे. पोरीच्या तोंडात कशाला जाऊ देऊ?" एवढंच सांगायची.

राहिला कुत्रा. नदीकाठच्या तिच्या घरावरून जाताना आतून बोलणं ऐकू यायचं. त्याच्याशी ती शुस्वापच बोलायची. इंग्रजी त्याला कळतच नसे.

गेल्या हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. तिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं आणि कुत्रा माझ्याकडे आला. तो दाराशीच बसून राहिला. मी फोन लावला.

"मावशी, हा अन्नाला शिवत नाही गं."

"जेव म्हणालीस का?"

"म्हणाले की."

"इंग्रजीत?"

तिनं शुस्वाप शब्द सांगितला, मी म्हटला. कुत्रा ढिम्म.

"घशातून काढ, पोरी. जेवायला बोलावतेयस, बँकेत खातं उघडायला नाही."

पुन्हा पुन्हा म्हटल्यावर तो उठून आला.

मग रोज संध्याकाळी फोन. ये, बस, झोप, भुंकू नको, एवढं मी शिकले. शेवटी ती म्हणायची, "आता त्याच्या कानाला लाव." किती वेळ बोलायची. मी फोन धरून बसायची.

वसंतात तिनं इंग्रजी बोलणं सोडलं. खाईना. मी सुकवलेला सामन मासा घेऊन गेले. व्हर्ना उशाशी बसली होती. "माझ्याकडे बघतसुद्धा नाही," म्हणाली.

मावशीचं तोंड भिंतीकडे होतं. माझ्याकडे कुत्र्यासाठी शिकलेले तेवढेच शब्द होते. घशातून म्हटलं, "जेव."

ती वळली. माशाचा तुकडा घेऊन चघळू लागली. मग माझ्याकडे बघत भराभर काहीबाही सांगत सुटली, मध्येच हसली, आणि थांबली. उत्तराची वाट बघत होती.

"काय म्हणतेय आई?" व्हर्नानं विचारलं.

"मला नाही कळलं."

मावशीनं आणखी थोडी वाट पाहिली. माझ्या हातावर थोपटलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

त्याच महिन्यात ती गेली. कुत्रा व्हर्नानं नेला. नेण्याआधी दुपारभर माझ्या पायरीवर बसून ती ते पाच शब्द घोकत होती. घशातला आवाज काही केल्या तिला जमेना.