साहेबांची टकटक

धाकट्याला घरात 'साहेब' म्हणायला सुरुवात केली ती त्याच्या आईनेच. शाळेत असताना साहेबांना गोंगाटात अभ्यास सुचायचा नाही, नोकरी लागल्यावर भाजी निवलेली असली तर घास उतरायचा नाही. थोरल्या सुनेला या दिराचा अगदी वीट आला होता. पाण्याचा पेला बसल्या जागी नेऊन द्यायचा, आणि वर "वहिनी, गार नाही हो" हे ऐकून घ्यायचं!

मग एक दिवस साहेबांनी जाहीर केलं, की ऑफिसने घरून काम करायला सांगितलंय. झालं! सासूबाईंनी थोरलीचं शिलाई मशीन आतल्या खोलीतून काढून गॅलरीत ठेवायला लावलं. तिथे ऊन, धूळ, आणि बायकांना मापं द्यायला आडोसा नाही. गिऱ्हाइकं येईनाशी झाली. थोरलीला फक्त आपली खोली परत हवी होती. साहेबांनी काय दिवे लावायचे ते दुसरीकडे लावावेत.

साहेब कीबोर्ड आणायला निघाले तेव्हा ती दोरे घ्यायला सोबत गेली. दुकानात टेबलावर हातभर लांबीचीही नसेल अशी एक पट्टी होती. तिच्यावर रंगीत बटणं, प्रत्येकाखाली वेगळा स्विच. दाबून बघायचं आणि बोटाला पटेल त्या स्विचचा कीबोर्ड घ्यायचा. लाल दाबलं तर आवाजच नाही, तपकिरी बोटाला किंचित अडतं, निळं टकटक वाजतं.

"घरात माणसं असतील तर लाल घ्या," दुकानदार म्हणाला.

साहेबांनी लाल दाबून तोंड वाकडं केलं. निळं दाबलं आणि चेहरा खुलला. "यापेक्षा मोठा आवाज नाही?"

"अहो, लोक कमी आवाजाचं मागतात!"

साहेबांनी थोरलीला दुकानाबाहेर उभं केलं, काचेचं दार लावलं आणि आतून निळं बटण बडवत ओरडले, "वहिनी, ऐकू येतंय का?" भर रस्त्यात ती मान डोलावतेय आणि येणारे-जाणारे टकामका बघतायत! याचं डोकं ठिकाणावर नाही, असं पुटपुटत ती दोऱ्यांच्या दुकानाकडे गेली. परत आली तेव्हा साहेब खोकं काखोटीला मारून उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून बंद दाराआड टकटक सुरू झाली. जेवणापुरती थांबायची, की पुन्हा चालू. सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघायला लागल्या. कुणाचं भांडं पडलं की डोळे वटारायच्या. "पोर मरमर राबतंय हो," असं त्या शेजारणीला जाता-येता सांगायच्या. ते ऐकून गॅलरीत थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी वीज गेली. मशीनची मोटर थांबली, टीव्ही काळा पडला. सगळं घर गप्प झालं, आणि आतून मात्र टक्, टक्, टक्.

"बघा," सासूबाई मालिका बघायला आलेल्या शेजारणीला म्हणाल्या, "लाईट गेली तरी माझा लेक थांबत नाही!"

"पण अहो," शेजारीण म्हणाली, "तो कॉम्प्युटर लाईटवरच चालतो ना?"

थोरलीने जाऊन दार ढकललं. कॉम्प्युटरवर धुळीचा थर होता. साहेब पलंगावर आडवे, कानात इअरफोन, एका हातात मोबाईल. पोटावर दुकानातल्यासारखीच पट्टी, ना वायर ना काही, आणि दुसऱ्या हाताचं बोट निळ्या बटणावर.

ते धडपडत उठले. "वहिनी, दार लावा. माझी नोकरी गेलीय. आईला सांगू नका, तिला सोसायचं नाही."

म्हणजे हा आईच्या काळजीने लोळत पडला होता! थोरलीला कीव यायला हवी होती. आली नाही. तिने पट्टी उचलली आणि बाहेर सासूबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवली. "आई, हे बघा भाऊजींचं ऑफिस."

सासूबाईंनी लाल बटण दाबलं. काहीच नाही. निळं दाबलं. टक्. दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या मुलावर त्यांनी ती पट्टी उगारली.

"मेल्या, याच्यापायी मी मुक्या मालिका बघत होते?"

मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "मशीन आत घे गं. हा उचलू लागेल."

साहेबांनी मशीनची एक बाजू धरली. उंबऱ्यापर्यंत येता येता त्यांना धाप लागली. घरून काम सुरू झाल्यापासून त्यांनी केलेलं हे पहिलं काम.