कातीत अडकलेली माशी

कॉरिब तळ्यावर टर्लख पाहुण्यांना नावेतून ट्राउट मासे धरायला नेतो; आधी त्याचे वडील नेत. त्या सकाळी तो भावाकडे कॅनडाला कायमचा निघाला होता. बसला अवकाश होता, म्हणून आम्ही धक्क्यावरून गळ टाकला.

माझ्या गळावर आमिष म्हणून पिसांची बनवलेली, पंख पसरलेली खोटी माशी होती. मासा फिरकेना.

“अरे पंडिता, उडून जाणारीच्या मागे तो कशाला दमेल?” टर्लख हसला. “कात टाकताना अर्धी आतच अडकलेली लाव. तिला निसटता येत नाही.”

त्याने टोपीत खोचलेली चुरगळलेली माशी दिली. लगेच मासा लागला.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.

“टर्लख, पळ!”

त्याने आपल्या घराच्या धुराड्याकडे पाहिलं. “बाबांच्यानं आता वल्हं उचलवत नाही रे.”

बस गेली. तो बॅगेशेजारी बसून मासा साफ करू लागला.

“त्यांना तळून देतो.”