गॅरेजपर्यंतचं वायफाय

सुखदेव मेश्राम तीस वर्षं नागपुरात टेलिफोनच्या खांबांवर चढले. परदेशात पॉइंट कुकला लेक किरणकडे आले आणि कोविडमुळे विमानंच बंद झाली, तरी त्यांचे हात काही स्वस्थ बसेनात. चालू वस्तू टाकायची नाही हा त्यांचा बाणा, म्हणून घरचा जुना राउटरही पापडांसोबत बॅगेतून आणलेला.

तो कामी आला! सून ऐश्वर्या जिला भेटून आली त्या मैत्रिणीला कोविड निघाला, आणि ऐश्वर्या चौदा दिवसांसाठी मागच्या गॅरेजमध्ये गेली. घरातलं वायफाय तिथे पोचेना. सुखदेवांनी जुना राउटर गॅरेजच्या खिडकीत बसवला. घरच्या राउटरकडून तो हवेतून नेट घ्यायचा आणि वायरीने ऐश्वर्याच्या लॅपटॉपला द्यायचा. काय ऐट त्या माणसाची!

आणि आज अकराला ऐश्वर्याची पीएचडीची तोंडी परीक्षा, आणि साडेदहाला तिने लॅपटॉप उघडला तर नेट ठप्प.

"बाबा, काहीच कनेक्ट होत नाहीये!" तिचा फोन आला. "आणि किरण शिफ्टला गेलाय!"

"घाबरू नको. मी आहे ना!"

लाइन गेली की आधी दोन्ही टोकं तपासायची, ही जुनी शिस्त. दिवे चालू. सिग्नल भरपूर. पासवर्ड तोच. मग घोडं अडलं कुठे?

एकदम त्यांना आठवलं. सकाळी चहा पिता पिता हॅकरांची बातमी वाचून त्यांनीच घरच्या राउटरचं एन्क्रिप्शन, म्हणजे वायफायचं कुलूप, 'फक्त डब्ल्यूपीए-थ्री' करून ठेवलं होतं. सगळ्यात नवं, सगळ्यात पक्कं! जुन्या राउटरची अक्कल डब्ल्यूपीए-टूपर्यंतच.

दहा बावन्न. सुखदेवांच्या अंगात तिशीतला जोर आला होता, खोटं कशाला बोला! त्यांनी 'टू आणि थ्री, दोन्ही' निवडलं. राउटर विझला, पुन्हा उजळला. एक मिनिट. दोन मिनिटं.

"आलं, बाबा, आलं!"

झाली गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

साडेबाराला मास्क लावलेली ऐश्वर्या गॅरेजच्या दारात येऊन ओरडली, "पास! त्यांनी मला डॉक्टर मेश्राम म्हटलं!"

सुखदेवांना राहवेना. परसाच्या या टोकाला उभे राहून ते रडत-हसत ओरडले, "आपल्या घरातली पहिली डॉक्टर तू, आणि मी करंट्यानं सकाळी तुझीच लाइन तोडली होती गं!"

ऐश्वर्या हसत सुटली.

"जोडलीत पण तुम्हीच ना, बाबा!"