खांबामागचा महिना

टोल, दंड आणि पावती, हे तीन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. मी गाद्यांचा टेम्पो चालवतो. ज्या उड्डाणपुलाचे पैसे म्हणे कधीच वसूल झालेत त्याचा टोल मी आजही भरतो, आणि पूल उतरलो की पहिला खड्डा माझी वाट बघत असतो. त्यात माझी सख्खी वहिनी वाहतूक पोलीस. घरी पाहुणे आले की मी मुद्दाम म्हणायचो, सरकारनं लुटायला माणूस थेट आमच्या घरातच आणून बसवलाय. वहिनी मग माझ्या चहात साखर कमी टाकायची.

तिची नेमणूक त्याच पुलाखालच्या चौकात होती. पूल उतरताना उतार आहे, आणि उतारावर माणसाच्या अंगात भूत शिरतं. सिग्नल पिवळा झाला की ब्रेक दाबायच्या ऐवजी सगळे ॲक्सिलरेटर पिळतात. चौकात डावीकडून दवाखान्याचा रस्ता येतो, उजवीकडून पाण्याचे टँकर. पूर्वी तिथं महिन्याला एखादा तरी हातपाय मोडून पडायचाच.

वहिनी बुटकी, पण आवाज असा की चार घरं पलीकडे दूध उतू जात असेल तर तिथली बाई गॅस बंद करेल. ती चौकात अगदी मधोमध उभी राहायची, पुलाच्या वरच्या टोकावरून दिसेल अशी. बाकीचे शिपाई पुलाच्या शेवटच्या खांबामागे उभे राहायचे. तिथून गाडीवाला दिसतो, गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. वहिनीला ते पटायचं नाही. आणि कुणी तोडलाच सिग्नल, तर तिची एक रीत होती. ती गाडीची किल्ली काढून घ्यायची आणि त्या माणसाला आपल्या शेजारी उभं करायची. सिग्नल दोनदा फिरेपर्यंत त्यानं नुसतं बघायचं, टँकर कसा येतो, त्याला थांबायला किती जागा लागते. मग किल्ली परत. अगदीच मुजोर असेल तरच पावती. शिपाई तिला मास्तरीणबाई म्हणायचे.

एकदा तिनं मलाही उभं केलं. टेम्पोत गाद्या, कारखान्याचा मालक फोनवर फोन करतोय, आणि मी भर चौकात वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा उभा. मी म्हटलं, वहिनी, घरचा माणूस आहे, जरा तरी लाज ठेवा. ती म्हणाली, घरचा आहात म्हणूनच तीन वेळा बघा. मी तीन वेळा बघितलं. रागानं नुसता लाल झालो होतो, घरी जाऊन दादाला वाट्टेल ते बोललो. पण खोटं कशाला सांगू, त्यानंतर त्या उतारावर माझा पाय आपोआप ब्रेकवर जायला लागला.

तिच्या चौकात अपघात थांबले. आणि त्याबरोबर पावत्याही थांबल्या, तिथं सगळी गोची झाली. दर महिन्याला प्रत्येक चौकाला ठरावीक दंड गोळा करून द्यायचा असतो. कागदावर कुठे लिहिलेलं नसतं, पण असतो. वहिनीचा चौक सगळ्यांत तळाला. साहेबांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतंच. वहिनीनं सांगितलं की वर्षभरात चौकात एकही मोठा अपघात नाही. साहेब म्हणाले, "न झालेल्या अपघाताची पावती निघत नाही, बाई. वर काय दाखवू मी?" मग त्यांनी सरळच सांगितलं, या महिन्यात आकडा भरला नाही तर घाटातल्या चौकीवर बदली. ती चौकी म्हणजे जगाचं टोक. सुट्टी मिळाली तर आठवड्यातून एकदा घरी येता येणार.

घरात माझी पुतणी तेव्हा चार वर्षांची. आईच्या मांडीवर बसल्याशिवाय तिचा घास खाली उतरायचा नाही. दादा छापखान्यात कामाला, त्याला गाव सोडून जाणं शक्य नव्हतं. त्या दिवशी दादा जेवलाच नाही. तो तसा मवाळ माणूस, पण त्यानं वहिनीला बजावलं की जगाला शहाणं करायचा मक्ता तू घेतलेला नाहीस, चार लोक करतात तसं कर, खांबामागे उभी राहा, महिनाभर कळ काढ, पोरीकडे बघ. वहिनी पोरीकडे बघत बसली. दुसऱ्या दिवसापासून ती खांबामागे गेली.

खांबामागच्या कामाची एक पद्धत असते, ती मला वहिनीनंच नंतर सांगितली. गाडी उतारावरून कशी येतेय ते लांबूनच कळतं. ही थांबणार, ही नाही थांबणार, हे नजरेला दिसतं. पण चाक पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. आधी दिसलात तर तो थांबतो, आणि थांबला तर पावती कशाची करणार? चाक पुढे गेलं की मग शिट्टी मारून बाहेर पडायचं. त्या महिन्यात वहिनीचा आकडा पहिल्याच आठवड्यात इतका वर गेला की साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. घरी मी गंमत केली, वहिनी, आता शोभता खऱ्या पोलीस. तिनं चहा दिला, साखर व्यवस्थित घातलेली. मला तो चहा गेला नाही.

महिना संपत आला होता. सकाळची वेळ. वहिनी आणि दोन शिपाई खांबामागे. सिग्नल लाल झाला आणि उतारावरून एक करडी स्कूटर सुसाट येताना वहिनीला दिसली. तशा स्कुटरी गावात ढिगानं आहेत. चालवणाऱ्यानं मान उंचावून चौकाच्या मध्ये बघितलं, मध्ये कुणी नव्हतं, आणि त्यानं वेग वाढवला. वहिनीला कळलं की हा थांबत नाही. शेजारचा शिपाई हळूच म्हणाला, आला बघा. चाक पट्ट्याच्या पुढे गेलं आणि उजवीकडून टँकर आला.

स्कूटरवर आमचा दादा होता.

वर्षानुवर्षं तो त्या पुलावरून छापखान्यात जायचा, आणि चौकात बघायचा तो सिग्नलकडे नाही, बायकोकडे. ती दिसली की हळू, सुट्टीवर असली की जोरात. तिला खांबामागे पाठवणारा तोच, पण मेली सवय. उशीर झाला होता, मध्ये कुणी दिसलं नाही, पिळला ॲक्सिलरेटर. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. त्या हेल्मेटमुळेच वहिनीनं त्याला ओळखलं नव्हतं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

शिपाई म्हणाले, पावतीचं राहू द्या. साहेबांचाही फोन आला, घरचा माणूस आहे, सोडा. वहिनीनं ऐकलं नाही. सिग्नल तोडलाय ना, मग तोडलाय. दंड तिनं दादाच्याच पाकिटातून भरला. मला इतका संताप आला की दवाखान्याच्या जिन्यात मी तिच्याशी भांडलो. नवरा आत विव्हळतोय आणि हिला पावती सुचतेय. तिच्या मुठीत त्या पावतीचा पार बोळा झाला होता, ते मला उशिरा दिसलं.

दादा शुद्धीवर नीट आला तेव्हा मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. त्यानं वहिनीला विचारलं, "तू तिथंच होतीस?"

"होते. लांबूनच दिसली स्कूटर. तुम्ही आहात ते नाही कळलं."

"थांबणार नाही हे कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग हात का नाही केलास?"

वहिनी म्हणाली, "हात केला असता तर तुम्ही थांबला असता."

दादानं मान भिंतीकडे वळवली. त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. वहिनी तेव्हा रडली, तोंडाला रुमाल लावून, आवाज न करता. तिचा एवढा मोठा आवाज, आणि रडताना काहीच ऐकू येत नव्हतं. मला तिची इतकी दया आली की मी बाहेर जाऊन उगाचच टेम्पो पुसत बसलो.

पुढच्या सोमवारी ती चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. साहेबांनी आधी समजावलं, मग दम दिला, आणि दोन महिने आकडा भरला नाही तेव्हा बदलीचा कागद काढला. कागद हातात घेऊन ती घरी आली तेव्हा मला वाटलं, दादा आता डोकं आपटून घेईल. तो काठी टेकत उठला आणि त्यानं स्वतः तिची ट्रंक माळ्यावरून काढायला लावली, मला. पोरीला त्यानं काय सांगितलं माहीत नाही. पहिले पंधरा दिवस ती माझ्या बायकोच्या हातूनही जेवायची नाही, घास गालात धरून बसायची. त्या दिवसांत मी त्या साहेबाला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मागच्या महिन्यात गाद्यांची एक ऑर्डर घाटापलीकडची होती. दादानं वहिनीसाठी स्वेटर दिला, पोरीनं एक चित्र. घाट चढून वर गेलो. सगळ्यांत वाईट वळणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्त्याच्या मध्येच, भर वाऱ्यात वहिनी उभी. दोन मैलांवरून दिसेल अशी. समोरून येणारे ट्रक तिला बघून निमूट गिअर बदलत होते. तिनं मला बाजूला घेतलं, सीटबेल्ट बघितला, मगच हसली. उन्हानं काळवंडली होती. चित्र तिनं बराच वेळ बघितलं आणि घडी न घालता टोपीत ठेवलं.

मी विचारलं, "इथंही आकडा असतो का हो वहिनी?"

"असतो ना."

"भरतो?"

"कुठला भरतोय."

"मग साहेब काही बोलत नाहीत?"

"बोलतात. पण भाऊजी, याच्या पुढे बदली करायला गाव कुठे उरलंय?" ती म्हणाली, आणि माझ्या मागून येणाऱ्या ट्रकला हात करायला पुढे गेली.