शैलाताई कुठे हसल्या?

समोरच्या इमारतीतल्या शैलाताईंना मी माझं आवडतं पुस्तक दिलं, म्हणजे जवळजवळ हातात कोंबलंच. "वाचाच हो," असं तीनदा म्हटलं. "वाचते गं सवडीने," त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चार दिवस ते त्यांच्या गॅलरीतल्या वॉशिंग मशीनवर पडून होतं आणि मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने सारखी बघून येत होते. आवडलेलं पुस्तक देताना आपण खरं तर स्वतःलाच पुढे करत असतो, मग नापास व्हायची धास्ती आलीच.

आज सकाळी त्या मटार सोलता सोलता वाचायला बसल्या. थोड्या वेळाने हात थांबले. मी ओला टॉवेल धरून तशीच उभी. आता बापलेकीच्या निरोपाचं पान आलं असेल, आता डोळे पुसतील, असं म्हणतेय तोच त्या पुस्तक मांडीवर उपडं ठेवून खळखळून हसल्या.

मी ते चारदा वाचलंय आणि चारही वेळा रडलेय. त्यात हसण्यासारखं काही आहे, हे मला माहीतच नव्हतं. आता कधी एकदा ते परत मिळतंय आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतेय, असं झालंय मला.