डावी बाजू आधी

गुरुराव चार वाजता येणार होते, आणि अडीच वाजता अन्नपूर्णाबाईंना डाव्या बाजूचा आवाज अंधारलेला वाटला.

त्यांनी हेडफोन काढला, पुन्हा घातला. तेच. उजवीकडे चमचा ताटात पडला तो लख्ख. डावीकडे पडला तो पंच्यात गुंडाळून टाकल्यासारखा.

चमचा त्यांच्या घरचाच. तपासणीसाठी लोक आपापली आवडती गाणी घेऊन येतात. अन्नपूर्णाबाईंनी मात्र आपल्या स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटात चमचा टाकून त्याचाच आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. दोन्ही बाजूंना अगदी सारखा. गाणं चांगलं असलं की मशीनचे दोष माफ होतात, चमच्याच्या बाबतीत तसं होत नाही, असं त्या म्हणत.

समोर गुरुरावांची पेटी झाकण काढून ठेवलेली होती. पेटी म्हणजे डॅक. फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा कानाला ऐकू येईल असा आवाज करायचा, एवढंच डॅकचं काम. ही पेटी वीस वर्षांपूर्वी परदेशातून आलेली. आतली मुख्य चिप आता कुणी बनवत नाही. तिला हात लावायचा नव्हता. तिच्याकडून आलेला आवाज बाहेर सोडणारे पुढचे भाग जुने झाले होते, ते काढून चांगले बसवायचे होते. काम लहान. पण बोर्ड गेला तर दुसरा मिळणार नाही.

अन्नपूर्णाबाईंचं वय अठ्ठावन्न. घराणं रंगाऱ्यांचं, म्हैसूरला किती पिढ्या झाल्या ते घरात कुणाला सांगता येत नाही. वडिलांपर्यंत रंगाचे हंडे होते. त्यांच्यानंतर अन्नपूर्णाबाई मेटगळ्ळीच्या एका रेडिओ-टेपच्या कारखान्यात लागल्या आणि चोवीस वर्षं रिवर्कच्या टेबलावर बसल्या. रिवर्क म्हणजे तपासणीत नापास झालेले बोर्ड. दुसऱ्यांनी बिघडवायचं, यांनी सुधारायचं. त्यांचा हात इतका स्थिर होता की नवीन मुलींना तो नुसता बघायला बसवत. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी भिंग आणि चिमटे घरी आणले आणि फडक्यात बांधून ठेवून दिले.

ते फडकं सुटलं मुलामुळे. हर्षने बेंगळूरहून एक जुना डॅक आणला होता, तो गुणगुणायचा. आईने उघडला, फुगलेला कपॅसिटर काढला, नवा घातला. गुणगुण गेली. मग त्यांनी शेजारचाही बदलला, आणि आवाज आधीपेक्षा मोकळा झाला. हर्षने त्या सोल्डरच्या जोडांचा फोटो अशा शौकिनांच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून अनोळखी माणसांच्या पेट्या घरी येऊ लागल्या.

त्यांची एक रीत होती. आवाजाच्या दोन बाजू असतात, डावी आणि उजवी. त्या आधी फक्त डावी करत. उजवी जशीच्या तशी ठेवत. पेटीवाल्याने येऊन दोन्ही ऐकायच्या, पटलं तर मग उजवी. वडील साडी रंगवताना एक काठ असाच कोरा ठेवत आणि गिऱ्हाइकाने मान हलवली की तोही बुडवत.

गुरुराव मान सहज हलवणारे नव्हते. नंजनगूडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मेंटेनन्सचे इंजिनिअर. हीच पेटी बेंगळूरच्या दोघांकडून त्यांनी काम अर्धवट सोडवून परत आणली होती. एकाने न विचारता स्क्रू बदलले. दुसरा म्हणाला, फरक जाणवेल सर. कसला ते त्याला सांगता आलं नाही. पेटी अन्नपूर्णाबाईंच्या टेबलावर ठेवताना ते म्हणाले होते, "अक्का, हे तिसरं घर. याच्यापुढं घर नाही माझ्याकडं."

सोबत त्यांनी आपला हेडफोन ठेवला होता. ते यावरच ऐकत, तेव्हा तपासणीही यावरच व्हावी असा त्यांचा आग्रह. अन्नपूर्णाबाई एरवी खोलीतल्या दोन स्पीकरवर ऐकत. सोमवारी पेटी आली तेव्हाही त्यांनी स्पीकरवरच ऐकली होती. हेडफोन त्यांनी घातला तो आज, डावी बाजू पुरी झाल्यावर.

आणि डावी बाजू अंधारी होती.

त्यांनी मीटर लावला. सगळे आकडे बरोबर. भिंगाखाली एकेक जोड पाहिला. आठ पायांची नवी चिप, चार नवे कपॅसिटर, सगळे जोड चकचकीत. कुठे खोट दिसेना.

इथे थांबायला हवं होतं. पण कारखान्यात मीटरने पास केलेले बोर्ड त्यांनी कानाने नापास केले होते, एकदा नाही, कितीतरी वेळा, आणि दर वेळी कान बरोबर ठरला होता. साहेब लोक हसायचे, मग बोर्ड उघडायचे, मग हसायचे थांबायचे. मीटर आणि कान यांचं जमेना तेव्हा त्यांनी आजवर कानाचंच ऐकलं होतं.

त्यांनी सोल्डरचा आयर्न तापत ठेवला.

वरच्या मजल्यावर मृदुला होती. तेवीस वर्षांची भाडेकरू. हाक मारली असती तर ती खाली आली असती, हेडफोन कानाला लावून दोन मिनिटांत सांगितलं असतं. अन्नपूर्णाबाईंनी जिन्याकडे पाहिलं. हाक मारली तर का मारली ते सांगावं लागेल. त्या पुन्हा भिंगावर वाकल्या.

चिपचे आठही पाय एकेक करून तापवले. ऐकलं. तेच. दुसऱ्यांदा, जोड नीट धरावा म्हणून जास्त फ्लक्स लावून तापवले. ऐकलं. तेच. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मान भरून आली होती. वीस वर्षं जुन्या बोर्डाला तिसऱ्यांदा आच लावायची नसते, हे त्यांनी किती मुलींना शिकवलं असेल. त्यांनी तिसऱ्यांदा लावली.

सहाव्या पायाखालची तांब्याची टिकली सुटली.

आवाज काही झाला नाही. चिमट्याला थोडं सैल लागलं, बस्स. भिंगातून दिसलं, मोहरीहून बारीक टिकली पायाला चिकटून वर आली होती आणि खाली बोर्ड उघडा पडला होता. चोवीस वर्षांत त्यांच्या हातून टिकली निघाली नव्हती. त्यांनी आयर्न स्टँडवर ठेवला. हात मांडीवर ठेवले.

मग त्यांनी केसाएवढी तांब्याची तार घेतली आणि सुटलेल्या पायापासून जवळच्या जोडापर्यंत पूल टाकला. तार सरळ, बोर्डाला चिकटून, दोन्ही टोकांना पक्की. मीटर म्हणाला, ठीक. पावणेचार झाले होते.

त्यांनी हेडफोन घाईने डोक्यावर ओढला आणि चमचा लावला.

डाव्या कानात अंधार. उजव्यात लख्ख.

म्हणजे काहीच झालं नाही. बोर्ड दुखावला तो फुकट. त्या हेडफोन काढायला गेल्या आणि हाताला वायर लागली उजव्या खांद्यावर. ती डाव्या खांद्यावर असायला हवी होती. हेडफोन उलटा घातला गेला होता.

आता उजव्या कानावर होती ती नवी केलेली डावी बाजू. लख्ख. आणि डाव्या कानावर जुनी, हातही न लावलेली बाजू. मघापर्यंत जी लख्ख वाटत होती तीच आता अंधारी. बाजू बदलली तरी अंधार जागचा हलला नव्हता.

त्यांनी हेडफोन सुलटा घातला. मग उलटा. मग सुलटा. चमचा पडत राहिला.

पेटीत दोष नव्हता. पहिल्यापासून नव्हता. स्पीकरवर दोन्ही कान मिळून ऐकतात, एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून आजवर कळलं नाही. किती पेट्यांच्या बाबतीत कळलं नाही, ते त्या मोजू लागल्या. गेल्या महिन्यात दोन गेल्या होत्या. त्याआधी एक.

फाटक वाजलं. त्यांनी मार्कर उचलला आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, कारखान्यात लिहीत तसं लिहिलं: तारीख, डाव्या बाजूला काय काय बदललं, आणि शेवटी, सहाव्या पायाची टिकली निघाली, तार जोडली. पुढे कुणी ही पेटी उघडली तर त्याला कळायला हवं. कानाबद्दल लिहायला झाकणावर रकाना नव्हता.

गुरुराव आले, पाणी प्यायले, चष्मा बदलला आणि काही न ऐकता आधी झाकण हातात घेऊन वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी भिंग ओढून तार पाहिली. बराच वेळ.

"तार सुंदर बसवलीय," ते म्हणाले. "टिकली का निघाली?"

"जास्त तापली."

"एकदा तापून निघत नाही, अक्का. तुमच्या हातून तर नाहीच. किती वेळा?"

"तीनदा."

"याके?" मग त्यांनी स्वतःच मराठीत विचारलं, "कशासाठी?"

जोड कच्चा होता, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. कच्चा जोड कुणाच्याही हातून राहतो. तो आता तिथे नाही, हे कुणी शोधून काढू शकलं नसतं. अन्नपूर्णाबाईंच्या तोंडाशी ते शब्द आलेही होते.

"जोड चांगला होता," त्या म्हणाल्या. "मला डावीकडचं बारीक ऐकू येईना. मी म्हटलं पेटीचा दोष. दोष माझ्या कानाचा. तुम्ही यायच्या दहा मिनिटं आधी कळलं."

गुरुरावांनी भिंग बाजूला केलं. "म्हणजे नसलेला दोष शोधत तुम्ही माझा बोर्ड तीनदा भाजला."

"हौदू. होय."

गुरुरावांनी हेडफोन घातला, आपल्या फोनवरचं काहीतरी लावलं आणि डोळे मिटले. अन्नपूर्णाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. पेटी कशी वाजतेय हे आजवर त्या सांगत आणि समोरचा ऐकत असे. आता त्यांना ठाऊक नव्हतं.

"डावी मोकळी झालीय," गुरुराव डोळे न उघडता म्हणाले. "उजवी तिच्यापुढं कोंदट."

"चमचा ऐका," त्या म्हणाल्या. "पडल्यावर ताट घुमत राहतं ना, ते विरेपर्यंत. आधी डावीकडचं, मग उजवीकडचं. कुठं जास्त वेळ ऐकू येतं?"

त्यांनी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग डाव्या कानाला बोट लावलं.

"नक्की?"

"अक्का, माझे कान शाबूत आहेत." हे बोलून गेल्यावर ते जरा ओशाळले आणि वायरशी खेळत राहिले. "उजवी कधी करता?"

"कान दाखवून आल्याशिवाय नाही."

"आणि कान गेलाच असला तर?"

"तर मीटरनं करीन आणि तुम्हाला इथं बसवून ऐकवीन. ते नको असेल तर पेटी आजच न्या. राग नाही माझा."

गुरुराव उठले. चष्मा बदलला, पिशवी घेतली. हेडफोन गुंडाळून पिशवीत घातला. अन्नपूर्णाबाईंनी पेटीचं झाकण लावायला घेतलं.

"ते कशाला लावताय? उजवी राहिलीय ना," ते दारातून म्हणाले. "हेडफोन तेवढा नेतो. तोवर टीव्हीला लावीन. बायकोची आणि सुनेची कटकट ऐकू येणार नाही, तेवढंच सुख."

ते गेल्यावर अन्नपूर्णाबाईंनी पेटीवर धुतलेलं फडकं टाकलं. गेल्या महिन्यातल्या दोघांचे आणि त्याआधीच्या एकाचे नंबर काढून ठेवले. त्यांना पेट्या परत पाठवायला सांगायचं होतं. पण पहिला फोन त्यांनी कानाच्या दवाखान्यात लावला. सवयीने डाव्या कानाला. मग उजव्याला.

पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं, कुठला कान ते विचारलं. मग विचारलं, कधीपासून ऐकू येत नाही.

"आज अडीच वाजल्यापासून," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि लगेच थांबल्या. "नाही. तसं लिहू नका. कळलं आज. कधीपासून, तेच बघायला येतेय."